खंडेनवमीची खोली

जत तालुक्यातल्या त्या हायस्कुलात मेंढरं राखणाऱ्या घरांतली बरीच मुलं शिकायची. जोतीराम त्यांतलाच. शाळेला धातुकामाची एक खोली होती. कानशी, करवती, हातोडे, सगळं नवंकोरं. पण हेडमास्तर मानसिंग सरांनी तिला कुलूप घातलं होतं. एखादं हत्यार हरवलं तर जाब त्यांना द्यावा लागणार होता ना! खोली उघडायची ती फक्त खंडेनवमीला. मुलांनी हत्यारं पुसायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची, पेढा खायचा, की पुन्हा कुलूप. एरवी धातुकाम फळ्यावर चाले. जोतीराम कानशीचं चित्र असं काढी की सर ते वर्गभर फिरवत.

१९७० साली मॅट्रिक होऊन तो बापाबरोबर इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात काम मागायला गेला. नव्या मुलांची परीक्षा घेणाऱ्या हरिबा मिस्त्रींनी लोखंडाचा तुकडा बाकावरच्या पकडीत आवळून त्याच्या हाती कानस दिली. त्यानं ती कपाळाला लावली आणि तसाच उभा राहिला.

"नमस्कार झ्याक घातलास रं," हरिबा म्हणाले. "आता घास की!"

कानस पुढं ढकलताना दाबायची, हे त्याला कुठलं ठाऊक! त्यानं ती दाबून मागं ओढली. ती किंचाळली.

"पुजारी हाय गड्या! दक्षणा द्या आन् लावा वाटंला!"

हरिबांच्या ह्या बोलण्यावर सगळे कामगार हसले. दाराशी घोंगडं सावरत उभ्या असलेल्या त्याच्या बापानंही ते ऐकलं.

जोतीराम लोणंदला इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडं राहिला. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. प्रत्येक फोडाबरोबर त्याला एकच तोंड आठवे, आणि ते हरिबांचं नव्हतं, खोलीला कुलूप घालणाऱ्याचं होतं. पुढं तो त्याच कारखान्यात फिटर झाला. हरिबा निवृत्त झाल्यावर नव्या मुलांची परीक्षा त्याच्याकडं आली. तो वाट पाहत राहिला.

१९७९ च्या उन्हाळ्यात मानसिंग सर आपल्या मुलाला, अर्जुनाला, कामाला लावायला घेऊन आले.

"जोतीराम, तू तर आपलाच माणूस."

"व्हय सर. तुमी दाराशी थांबा."

अर्जुनानं कानस उचलली, कपाळाला लावली आणि तसाच उभा राहिला. जोतीराम हसला. एकटाच, सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"सर, पोरगं नापास."

"अरे, त्याचा काय दोष?"

"माझा काय व्हता?"

सर अर्जुनाला घेऊन निघू लागले, तसा जोतीराम म्हणाला,

"खोली उघडा. ह्याच्या समद्या वर्गाच्या हाताला घट्टे पडू द्यात, मग समद्यास्नी घिऊन या. अर्जुनाची पाळी शेवटी. आन् येताना ते कुलूप आणा."

दिवाळीनंतर सर आले. मुलांचे तळहात खरखरीत झाले होते, अर्जुनाचेही. परीक्षा चालली तोवर सर दाराशी उन्हात उभे होते. कुणीतरी स्टूल नेलं, ते जोतीरामनं परत मागवलं. शेवटी त्यानं शाळेचं कुलूप आवळलं आणि अर्जुनाला करवत दिली.

"काप."

अर्जुनानं बापाकडं पाहिलं. बापानं मान खाली घातली. मग पोरानं हात चालवला. सरळ, न थांबता, एकाच लयीत. कडी तुटून खाली पडली.

"उद्यापासनं कामाला ये," जोतीराम त्याला म्हणाला. पोराचा हात खरोखरच चांगला होता.

मग तुटकं कुलूप घेऊन तो दाराशी गेला आणि ते सरांच्या तळहातावर ठेवलं. ते अजून गरम होतं.

"घ्या सर. खंडेनवमीला ह्याची पूजा करा."