बिराजदारमामांवरचा माझा संशय

बिराजदारमामा गेल्याचा फोन आला, तेव्हा ‘कधी?’ असं न विचारता मी ‘कशानं?’ असं विचारलं. घरीच, चहा पिता पिता, हृदयविकारानं. तरी मन शंका काढतच राहिलं... कारागृहात समुपदेशक म्हणून बारा वर्षं काढली की माणसाचं असं होतं. कारागृह कोणतं, ते इथं सांगत नाही.

मामा तिथं हवालदार होते, अतिधोकादायक कैद्यांच्या बराकीवर. त्यातल्या काहींना व्यक्तिमत्त्वाचा विकार असतो. गोड बोलून कर्मचाऱ्यांतच भांडणं लावण्यात ते पटाईत. त्यांना कसं हाताळावं, याचं प्रशिक्षण मीच द्यायचे. मामा मागं बसून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “मॅडम, औषद एकच हाय. त्यो माझ्याबद्दल काय बोलला ते मला तोंडावर सांगा. तुमच्याबद्दल बोलला, तर मी सांगतो की तुमाला.” पाळी बदलताना ते खरंच सगळ्यांदेखत असं सांगून मोकळे व्हायचे. मला तो अडाणीपणा वाटे. गोपनीयता म्हणून काही असतं की नाही!

मग एका कैद्यानं रडत रडत मला सांगितलं, मामा त्याचे निरोप बाहेर पोचवतात. “तुम्हीच एक मला समजून घेता,” असंही म्हणाला. हेच वाक्य मी धोक्याची खूण म्हणून फळ्यावर लिहायचे! तरी फसले. मामांशी चकार शब्द न बोलता वरिष्ठांना बंद लिफाफ्यात अहवाल दिला. दुसऱ्याच दिवशी मामा दाराशी आले. “मॅडम, जरा बोलायचं व्हतं.” यांना कुणकुण लागली, आता विनवण्या करणार, असं समजून मी म्हणाले, “जे असेल ते लेखी द्या.” ते मागं फिरले. चौकशीत काही निघालं नाही, पण निवृत्तीपर्यंत त्यांना फाटकावरच ठेवलं. मी माफी मागितली नाही. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं स्वतःला बजावत राहिले.

ते गेल्यावर महिन्याभरानं जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी गेले. आता टोमणा येणार, म्हणून दबकतच बसले होते. न राहवून त्यांच्या पत्नीला, काकूंना विचारलं, मामा माझ्यावर रागावले होते का?

“राग न्हाई हो. त्या कैद्यानं त्यास्नी सांगितलं व्हतं, मॅडम मला मोबाईल आणून देतात म्हनून.”

“आणि मामांना खरं वाटलं?”

“वाटलं की. लई घोर लागला. मग म्हनले, सायबाकडं कागद करायच्या आदी बाईला इचारतो. आलते की तुमच्याकडं... काय म्हनला तुमी त्यास्नी?”

खोटं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.