टचलाइनवरचं भांडण

माझा स्वभाव भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याशी भांडत आले. पडद्यांच्या रंगावरून, हीटिंग कधी लावायचं यावरून, कोथिंबीर फ्रीजमध्ये कशी ठेवायची यावरून. तो गेला तेव्हा शेजाऱ्यांनी फुलं आणली, मुलगी कॉव्हेंट्रीहून येऊन राहिली. सगळे माझ्याशी इतकं हळू बोलत होते की मलाच ओरडावंसं वाटायचं. मुलगी परत गेली आणि इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या त्या घरात माझं म्हणणं खोडून काढणारं कुणी उरलं नाही. मला फार एकटं वाटायचं.

ऑफिसचे दिवस निघून जायचे, शनिवारी मात्र घर खायला उठायचं. म्हणून मी नदीकाठच्या पार्कात चकरा मारायची. एका शनिवारी तिथे रग्बीचा सामना चालू होणार होता. प्रेक्षक म्हणजे दोन बायका आणि एक कुत्रा. लोकरी टोपीतला एक म्हातारा तरातरा माझ्याकडे आला. "आमचा झेंडेवाला आला नाहीये. धरता का?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता झेंडा माझ्या हातात कोंबला. बॉल टचलाइनच्या, म्हणजे कडेच्या रेषेच्या बाहेर गेला की जिथून गेला तिथे उभं राहून झेंडा वर करायचा, एवढंच काम. पहिलाच झेंडा मी भलत्या जागी वर केला. मैदानापलीकडून तो ओरडला, "आंधळ्या आहात का?"

कित्येक महिन्यांनी माझ्यावर कुणीतरी ओरडलं होतं. पुढच्या शनिवारी मी वेळेआधी हजर होते.

तो यॉर्कशायरमधल्या एका गिरणीगावचा. नोकरीसाठी दक्षिणेत आला, इथे त्याचा खेळ कुणाला माहीत नव्हता, म्हणून त्याने स्वतःच क्लब काढला. रग्बी लीग, तेरा जणांची, उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांतली. माझ्या ऑफिसात रग्बी म्हणजे ती दुसरी, पंधरा जणांची. हिचं नाव काढलं की लोक गोंधळायचे.

सामना संपला की आम्ही बाकावर बसून त्याच्या थर्मासमधला कडू चहा प्यायचो आणि भांडायचो. विषय एकच. खेळ परदेशी न्यायला पैसा घालावा, की तो इथल्याच मैदानांवर, इथल्याच पोरांवर लावावा?

"अमेरिकेत एक सामना भरवायचा आणि टाळ्या पिटायच्या," तो म्हणायचा. "आणि इथे आमच्या पोरांना कपडे बदलायला खोली नाही. आधी मुळाला पाणी घाला ना!"

"मुळालाच घालत बसला असतात तर तुमचा खेळ तुमच्या गावाबाहेर पडला नसता," मी म्हणायची. "तुमच्या गावकऱ्यांना रीडिंग म्हणजे परदेशच. मग तुम्ही इथे काय करताय? आणि मी?"

तो लालबुंद व्हायचा, टोपी काढून मांडीवर आपटायचा. मी घरी येऊन मनाशी पुढच्या शनिवारचे मुद्दे जुळवायची. भाताच्या कुकरची शिटी होईपर्यंत माझे दोन-तीन मुद्दे तयार झालेले असायचे.

मग खेळाडू गळायला लागले. कुणाला बाळ झालं, कुणाची नोकरी मेडनहेडला गेली. एका शनिवारी आमचे सातच जण आले. पाहुण्या संघाने आपली माणसं उसनी दिली, आमच्या जर्सी त्यांना घातल्या आणि सामना झाला. म्हातारा त्या दिवशी कुणावरच ओरडला नाही. मी मुद्दाम चुकीचा झेंडा वर केला, तरीही नाही.

पुढच्या सीझनला क्लब उभाच राहिला नाही. तो घर विकून गावाकडे, बहिणीजवळ निघाला. जायच्या आधी माझ्याकडे येऊन घरी ठेवायला दिलेले, दोन्ही टचलाइनचे झेंडे परत घेऊन गेला. "क्लबचे आहेत," म्हणाला. नसलेल्या क्लबचे! मी दार जरा जोरातच लावलं आणि मग दाराशीच उभी राहून रडले.

भांडणाची तल्लफ येते हे कुणाला सांगणार? एकदा मुलीला फोन करून विषय काढला. "हे बघ, खेळ बाहेर न्यायलाच हवा," मी म्हटलं. ती म्हणाली, "यू आर राइट, आई. टोटली. पण माझ्या मुलांचा डिनरटाइम झालाय, नंतर बोलू?" इतकं सरळ मान्य केलेलं मला सहन झालं नाही. मी फोन ठेवला आणि टीव्हीवरच्या बातम्यांना दोन शब्द सुनावले.

या वर्षी अमेरिकेतला रग्बी लीगचा एक सामना टीव्हीवर दाखवत होते. मी एकटीच बघत होते. फोन वाजला. म्हातारा होता. त्याने आजवर कधी फोन केला नव्हता.

"बघताय? अर्धं स्टेडियम रिकामं आहे."

"अर्धं भरलंय," मी म्हटलं.

"इथे गावातल्या क्लबात मी रोज संध्याकाळी जातो," तो म्हणाला. "परदेशाचं खूळ सोडा, मुळाला पाणी घाला, हेच सांगतो. सगळ्यांना पटतं. एकूण एक सगळ्यांना."

त्याचा तो सूर मी ओळखला. नवरा गेल्यावर आमच्या घरात माझाही असाच झाला होता.

मी टीव्हीचा आवाज बंद केला, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "चहा करून घ्या आणि बसा नीट. तुमचं कुठे चुकतंय ते सांगते."