कडेची उभी फट

ताईचा जिंकत आलेला खेळ मी खोटं बोलून मोडला होता. यंदा दिवाळीत ब्राह्मणपुरीच्या घरी वाळत्या मिरचीचा ठसका लागला आणि तो दिवस जसाच्या तसा समोर उभा राहिला.

लहानपणी सेलवर चालणारा, हातात धरायचा ठोकळ्यांचा गेम माझा होता. ताईने माझा गुणांचा आकडा मोडला, तर सुटीभर तो तिचा, अशी आमची पैज लागली होती. अंगणातली मिरची उलटवायचं काम टाकून ती ओट्यावर बसली. ठोकळे झरझर पडत होते, तिची बोटं त्याहून झरझर चालत होती. शेवटी कडेला एक उभी फट उरली. आता फक्त लांब पट्टी हवी होती. गल्लीतली पोरं तिच्याभोवती नाचत होती, "उभी येऊ दे रे देवा, उभी!"

पट्टी आली. गेम जाणार म्हणून मी ओरडलो, "माय उनी!"

आई आली या धाकाने ताई दचकली; मिरची तशीच पडली होती. पट्टी आडवी पडली. गेम माझाच राहिला, पण तिने पुन्हा कधी तो हातात घेतला नाही.

यंदा ती माझ्या मोबाइलवर तसाच खेळ खेळत होती, चष्मा नाकावर घसरलेला. पुन्हा तीच फट, पुन्हा लांब पट्टी! मी श्वास रोखून धरला. पट्टी बरोबर बसली आणि चार ओळी एकदम गेल्या.

"दख रे भाऊ, दख!" ताई लहान पोरीसारखी ओरडली.

मी म्हणालो, "ताई, पैजना दिन माय उनीच नव्हती. मी खोटं बोलनू. माले माफ कर."