कॅमेऱ्याचा पट्टा आणि ह्यांची मान

माझ्या नवऱ्याची मान नाजूक आहे.

लग्न ठरवताना ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नाही. पत्रिका बघितली, गोत्र बघितलं, नोकरी बघितली, मान कोणी बघितली नाही! मलाही ती कळली लग्नानंतर चांगल्या काही वर्षांनी, डोंबिवलीच्या आमच्या घरात कॅमेरा आला तेव्हा. तेव्हापासून त्या मानेचा मला जो राग आहे, तो हे लिहितानासुद्धा तसाच आहे.

ह्यांच्या ऑफिसातला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला परत चालला होता. जाताना त्याने नको असलेलं सामान वाटून टाकलं. कोणाला खुर्ची मिळाली, कोणाला दिवा, ह्यांना कॅमेरा. भात्याचा होता, पेटीच्या भात्यासारखा पुढे ओढायचा. त्याचा गळ्यात घालायचा पट्टा मात्र कुजून तुटला होता.

"पहिला फोटो कोणाचा काढणार?" मी विचारलं. (मी कधी काही मागत नाही. हे एकदाच.)

"तुझा आणि नानांचा!" हे म्हणाले.

नाना म्हणजे माझे वडील. धाकटीच्या जन्मानंतर सत्यनारायण घालायचा राहिला होता, त्या पूजेला ते कोकणातून बोटीने यायचे होते आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे होते. माझी आई गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा आठवायला बसले की मला तिचं लुगडं आठवतं, हात आठवतात, चेहरा येत नाही. नानांचं तसं होऊ नये एवढंच मला हवं होतं. आणि नाना आता काठी टेकत चालत होते.

"फक्त आधी पट्ट्याचं बघतो," हे म्हणाले. "पट्टा आरामशीर नसेल तर हात हलतो. हात हलला की फोटो हलतो."

मी "बरं" म्हणाले. तिथेच चुकलं!

दुसऱ्या दिवशी पाळण्याची दोरी गायब. धाकटी रडून रडून लाल झाली. मी तिला मांडीवर घेऊन झुलवते आहे, आणि हे दोरी गळ्यात घालून परसातल्या शेवग्याचा फोटो काढून आले.

"काचते गं ही."

"पण शेवग्याचा फोटो कशाला?"

"पट्टा नुसता घालून कळतो होय? फोटो काढूनच कळतो!"

मग मी जुन्या लुगड्याचे काठ घेऊन, आत कापूस भरून, मऊ पट्टा शिवला. पाळण्यातल्या दुपट्यालाही मी इतके बारीक टाके घातले नव्हते. तो घालून ह्यांनी विहिरीचा फोटो काढला.

"घाम येतो ह्याने. मानेवर उशी घेऊन फिरल्यासारखं वाटतं."

शेजारच्या मनूताईंनी त्यांच्या ह्यांच्या सायकलच्या मागची पट्टी दिली. ती घालून मनूताईंच्या म्हशीचा फोटो! पट्टी टोचली. (म्हैस छान आली असणार. तिची मान जाड.) कॅमेऱ्याच्या रोलात मोजकेच फोटो निघतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं!

शेवटी हे कल्याणला गेले. तिथे टांग्याच्या घोड्यांचं चामड्याचं सामान शिवणारा एक जण होता.

"घोडा केवढा आहे साहेब?" त्याने विचारलं म्हणे.

"घोडा नाही. मीच आहे."

त्याने ह्यांना खालून वर पाहिलं आणि माप घेतलं. पट्टा आला तो चार बोटं रुंद, पितळी कड्यांचा, तेलाने चकचकीत. हे चालले की कड्या छुम छुम वाजायच्या आणि गल्लीतली पोरं "टांगा! टांगा!" ओरडत मागे लागायची. पण ह्यांची मान प्रसन्न झाली. "वजन कळतच नाही!" असं म्हणत हे जेवतानाही तो गळ्यात ठेवायचे. माझ्या माहेरचे लोक बघतील तर काय म्हणतील, ह्या विचाराने मी वाढायच्या आधी दार लावून घेत असे.

पूजेच्या दिवशी नाना सकाळीच आले. हे तो पट्टा मिरवत बाहेर आले, आणि सासूबाईंनी नाकाला पदर लावला.

"चामडं? देवाजवळ? आधी ते गोठ्यात ठेवून ये!"

"आई, आपल्याकडे गोठा कुठाय?"

"मग मनूच्या गोठ्यात ठेव! पूजेच्या खोलीत चामडं येणार नाही म्हणजे नाही."

"मग फोटोही निघणार नाही," हे म्हणाले आणि तोंड फुगवून झोपाळ्यावर बसले. पस्तिशीचा माणूस! दारात पाव्हणे, गुरुजी हातपाय धुताहेत आणि हे रुसलेले. माझ्या अंगाची आग झाली. पण बोलायची सवय नाही, म्हणून मी डोकं चालवलं. (एरवीही चालतं, कोणी विचारत नाही.)

"अहो, तुमचं लग्नातलं रेशमी उपरणं आहे ना? रेशीम सोवळ्यात चालतं. आणि मऊही आहे."

होय, ही कल्पना माझी! माझीच!

उपरणं गळ्यातून घेऊन कॅमेऱ्याच्या दोन कड्यांना बांधलं. तरी एक टोक हातभर लांब उरलं. सासूबाईंनी तुळशीच्या पानाने कॅमेऱ्यावर गंगाजल शिंपडलं, ह्यांनी त्याची काच माझ्या पदराने पुसली आणि मग हे हळूच मला म्हणाले, "एकच फोटो उरलाय हं. घरात उजेड नाही. दुपारी दारातून ऊन आत येतं, ते नानांवर पडलं की लगेच काढू. ऊन फार थांबत नाही तिथे."

एकच! शेवगा, विहीर, म्हैस आणि आणखी कुठली कुठली झाडं, आणि माझ्या वडिलांना एक!

मी नानांना दाराशी बसवलं आणि ह्यांच्या उजव्या बाजूला पाटावर जाऊन बसले. ह्यांनी मांडीवर कॅमेरा घेतला, एखादं मूल घ्यावं तसा. गुरुजी गाठ बांधायला वळले.

"यजमान, उपरणं?"

"हे काय, गळ्यातच आहे."

गुरुजींनी ते लांब उरलेलं टोक घेतलं, माझ्या पदराचं टोक घेतलं आणि अशी घट्ट गाठ मारली की आमचा संसार सात जन्म सुटू नये.

कथा सुरू झाली. साधुवाण्याची नाव बुडायला आली, आणि दारातून उन्हाचा पट्टा सरकत सरकत नानांच्या पगडीवर आला.

"ऊन आलं!" हे ओरडले आणि उडी मारून उठले.

मी मांडी घालून बसलेली, दोन्ही हातांत अक्षता. गाठीने असा हिसका दिला की मी पाटासकट घसरले! पाय लागला चौरंगाच्या केळीच्या खांबाला. तो खांब गुरुजींच्या डोक्यावर! गुरुजींनी पानांतून तोंड बाहेर काढलं आणि कथा तशीच पुढे चालू ठेवली.

"अगं, सोड ना!" हे.

"मी कुठे धरलंय? गाठ आहे!"

"मग गाठ सोड!"

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "पूजा पुरी होईपर्यंत गाठ सुटता कामा नये! बाळाची पूजा आहे!"

"आई, ऊन जाईल!"

"जाऊ दे! उद्या पुन्हा येईल!"

उद्या ऊन येणार होतं. उद्या नाना बोटीत असणार होते.

हे दाराकडे ओढतात, मी मागून फरफटते, पदर डोक्यावरून गेलेला, कुंकू नाकापर्यंत आलेलं, सगळ्या आळीतल्या बायका बघताहेत! आणि मी जितकी मागे पडत होते तितका उपरण्याचा फास ह्यांच्या मानेला बसत होता.

"मान! माझी मान!"

त्या शब्दासरशी माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. ज्या मानेसाठी पाळणा थांबला, माझे टाके वाया गेले, म्हशीचे फोटो निघाले, ती मान! नाना काठी टाकून उठले आणि मला सावरायला त्यांनी माझा दंड धरला. दोघांवर ऊन होतं, अगदी कडेला आलेलं.

"अहो, मेली ती मान!" मी ओरडले. चारचौघांत, सासूबाईंसमोर, देवासमोर. "दाबा एकदाचं ते बटण!"

ह्यांनी घाबरून आमच्याकडे वळून दाबलं. खट् झालं. ऊन गेलं.

गुरुजी म्हणाले, "इति चतुर्थोऽध्यायः."

फोटो ठाण्याहून धुऊन आले. शेवगा हललेला, विहीर हललेली, म्हशीच्या तोंडावर सायकलची पट्टी. एवढे पट्टे शोधून हे एवढं मिळवलं! शेवटचा तेवढा स्वच्छ. नाना दात नसलेलं तोंड उघडून हसताहेत. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांची लेक ओरडली ह्याचाच त्यांना आनंद झाला होता की काय, कोण जाणे. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. हा एकच फोटो.

आणि त्यांच्या शेजारी मी. केस मोकळे, डोळे वटारलेले, तोंड असं उघडलेलं की आतली पडजीभ दिसावी. ह्यांनी तो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला आहे. एकदा मी कात्री घेऊन बसलेसुद्धा, स्वतःला कापून टाकायला. पण नानांचा हात माझ्या दंडाला आहे. मी गेले तर तोही जातो. कात्री ठेवून दिली.

आता नवीन आलेलं माणूस हमखास विचारतं, "हे आजोबा किती गोड आहेत! आणि शेजारी ह्या कोण?"

"ह्यांची लांबची आत्या," मी खाली मान घालून सांगते. "फार तापट होती. गेली बिचारी."

आणि आतून हे ओरडतात, "गेली कसली! रोज जेवायला वाढते!"