बोअरच्या पान्यावर लावलेला शून्य

समुद्राचं पानी किती खारट हाय, हे अख्ख्या सोलापुरात माझ्याएवडं नेमकं कुनी सांगू शकत न्हाय. समुद्र म्या अजून बघितला न्हाय, आन् शाळाबी लांबूनच बघितली.

सात रस्त्याजवळच्या दुकानात मी कामाला. पाळायचे मासे इकतो आमी. एका दातांच्या डॉक्टरनं दवाखान्यात समुद्राच्या माशांची टाकी बसवली. दोनच मासे, नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. पान्यात मीठ आमीच कालवायचं. खारटपना बघायला दुर्बिनीगत नळी असती. काचंवर दोन थेंब सोडायचे, उजेडाकडं धरून डोळा लावायचा, पस्तीस दिसलं की समुद्राएवडं खारट झालं. पन आदी बिनमिठाचं पानी घालून तिचा आकडा शून्यावर आनावा लागतो, म्हंजी शून्य लावावा लागतो. त्यासाठी मालक ब्याटरीत घालायच्या पान्याची बाटली देतो.

त्या दिवशी बाटली इसरलो. दवाखान्याच्या नळाला बोअरचं पानी. चाखून बघितलं, गोड लागलं. लावला शून्य. टाकीत आकडा कमी दिसला, म्हनून मीठ वाढवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातनं फोन. एक मासा तळाला आडवा.

गेलो तो तापूनच. नळी लावली, बरोबर पस्तीस! मग चूक कुनाची? फरशी पुसनाऱ्या मावशी दिसल्या.

"मावशी, टाकीत फिनेल उडवलं तुमी!"

"म्या टाकीला हातबी लावला न्हाय."

"मग मासा काय हौसंनं झोपलाय?"

पेशंट गाल धरून बघाय लागले. डॉक्टरवर वरडलो, नळीला शिव्या घातल्या, मरत्या माशालाबी सोडलं न्हाय. "नाजूक लेकाचा! आमच्या गावाकडं मंद्रूपला टिकला असता का?"

तेवड्यात मालक आला. बाटलीतल्या पान्यावर शून्य लावला, टाकीचं पानी बघितलं. अडतीस.

"काल शून्य कशावर लावलास रं?"

"बोअरच्या."

ज्या पान्यात तूर शिजत न्हाय, ज्यानं बादलीला पांढरा थर चढतो, ते म्या बिनमिठाचं धरलं, आन् त्यातल्या मिठाएवडं मीठ टाकीत जादा घातलं! जल्मभर तसलंच पिलो, जिबंला काय कळनार? सोताच्याच कानाखाली वाजवावी वाटली. मालकानं जाळीनं मासा उचलला. हालत न्हवता.

मावशी फडकं पिळत म्हनल्या, "त्या पान्यानं हितं पेशंट चूळबी भरत न्हाईत. वरडायला तोंड हाय की तुला, इचारायला न्हवतं व्हय?"