बाबांनी दिलेला उलट्या छापाचा रुपया

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझ्या नवऱ्याची बदली तिथल्या कलेक्टर कचेरीत झाली. त्याच साली पावसाने दगा दिला. भाड्याच्या दोन खोल्यांत सासू, दीर आणि आम्ही दोघं. टँकरचा नेम नसायचा, म्हणून मला घर सोडून कुठं जाता यायचं नाही. नांदेडला अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळण्याइतके मार्क मला होते. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "फी कोण भरणार? आणि पाणी कोण भरणार?" घरातले सगळे हसले.

माझी सगळी आशा एका रुपयावर होती. नांदेडला तेलाच्या गिरणीत फिटर असलेल्या बाबांनी तो पाठवणीच्या वेळी माझ्या मुठीत ठेवला होता. त्याच्या एका बाजूला नेहमीचे सिंह होते. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटे, आत दबलेले. "टांकसाळीची चूक हाय, माय. शौकीन लोक लई पैसे देतात. अडलं तर मोड," बाबा म्हणाले होते.

दोन वर्षांनी भाचीच्या बारशाला चार दिवस माहेरी गेले, तेव्हा कुणालाच न सांगता तो रुपया घेऊन चौकातल्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेले. ते जुनी नाणी विकत घेत.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"बेटा, टांकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर त्याचा उलटा छाप बसतो. मग त्या बाजूला दुसरं काही उमटतच नाही. इथं बघ."

मी भिंगातून पाहिलं. उलट्या सिंहांच्या खाली रुपयाचा आकडा पुसट दिसत होता.

"आकडा आधी छापला गेलाय. नंतर कुणीतरी दुसरं नाणं यावर ठेवून शिकंज्यात दाबलं. पलीकडच्या बाजूचे सरळ सिंह बघ, कसे चपटे झालेत. ही टांकसाळीची चूक नाही, मागाहून केलेली खराबी आहे. याचा रुपयाच येईल."

शिकंजा म्हटल्यावर मला गिरणीतलं बाबांचं शिकंजा बसवलेलं बाकडं आठवलं. तशीच तिकडे गेले.

"बाबा, हे तुम्ही दाबलं?"

ते फडक्याने हात पुसत राहिले. "हाव. तू लहान होतीस, तवा गमतीनं केलं होतं. लग्नात द्यायला दुसरं काही नव्हतं. जवळ काही हाय असं वाटलं की माणूस तग धरतं."

"मी दोन वर्षं याच्या भरवशावर काढली."

"निघाली ना?"

मला ओरडायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. "मला हितंच राहू द्या. मी शिकते."

बाबा खाली बघत म्हणाले, "घर आता तुझ्या भावाचं हाय. त्याला इचारतो."

त्यांनी विचारलं की नाही, मला कधी कळलं नाही. चौथ्या दिवशी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी माझी जागा धरली. गाडी सुटेपर्यंत खाली उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. शिक्षिका मी झाले नाही. पुढच्या वर्षी बाबा वारले, आणि त्या दिवशीची माझी फिरवलेली मान मला अजून छळते.