खालून खेळणारे वहाबभाई

वहाबभाई खेळायला बसले की डाव्या हाताचा पंजा मोबाइलच्या वरच्या अर्ध्या भागावर आडवा धरत. समोरच्याला वाटे, उन्हाची तिरीप अडवत असतील. प्रत्यक्षात ते निम्मा पट स्वतःपासूनच लपवत असत.

खेळ साधा होता. चौकोनी पटावर रंगीत खडे. शेजारच्या दोघांची अदलाबदल करायची, एका रंगाचे तीन ओळीत आले की ते फुटतात आणि वरचे घसरून रिकाम्या जागा भरतात. दोघांनी आपापल्या मोबाइलवर एकदम सुरुवात करायची, मिनिटभरात ज्याचे गुण जास्त तो जिंकला. लातूरच्या आमच्या दैनिकात दुपारच्या चहाला हे सामने होत. वहाबभाई पानं लावणारे ऑपरेटर होते. पन्नाशी उलटलेली, चष्म्याची भिंगं जाड, घराणं जिल्दसाजांचं, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्यांचं. विशीतले उपसंपादक त्यांच्याकडून रोज हरत.

"वर काय बघून राहिला?" ते विचारत. "वरचे खडे खाली यायचेत अजून. त्यांची फिकीर तू कशाला करतो? खालचं फोड. वरचं पडता पडता दोन-चार जागा फुकट फुटतेत."

त्यांचा दुसरा नियम, चांगली चाल शोधायची नाही. "दिसली ती चांगली. तू पाचाची शोधत बसला, तवर समोरच्यानं तिनाच्या चार मारल्या." चार जुळले की मिळणारा स्फोटाचा खडा हाती आल्या आल्या ते वापरत नसत. शेवटच्या क्षणांसाठी राखून ठेवत. बोट एक चाल करत असताना नजर पुढच्या चालीवर गेलेली असे. आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण ते कधी बघत नसत. दिनेश नावाचा आमचा उपसंपादक हटकून बघे. "त्याचा आकडा वाचायला गेला, तेवढ्यात माझ्या दोन चाली झाल्या," वहाबभाई त्याला म्हणत. "वाचायचंच असंल तर पेपर वाच, बेटा. आपलाच हाय."

हा वेग कात्रीतून आला होता. संगणक येण्याआधी मजकुराच्या पट्ट्या कापून त्या पानावर चिकटवत. त्या कामात त्यांची उमेदवारी झाली होती.

निकालाच्या हंगामात आमची पुरवणी निघे. पानामागून पान क्लासेसच्या जाहिराती, त्यांत पासपोर्ट आकाराच्या फोटोंच्या रांगा आणि प्रत्येक फोटोखाली नाव. एकच विद्यार्थी दोन-तीन क्लासेसच्या पानांवर झळके. ते वहाबभाईंना पहिल्यांदा दिसे. "हा पोरगा तिसऱ्यांदा आला," ते स्क्रीनकडे बघत म्हणत. "तीन जुळले. फुटायला पाहिजे होता."

त्या वर्षी त्यांची मुलगी सायमा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाली. वहाबभाई रेणापूरहून येऊन-जाऊन नोकरी करत. तिथेच बनसोडे नावाच्या निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर बसून ती शिकली होती. निकाल लागताच लातूरचे क्लासवाले शाल आणि पेढे घेऊन दारात आले. तिने पेढ्यांचे पुडे उघडले नाहीत. "बनसोडे सरांची जाहिरात न्हाई, मग माझाबी फोटो कुठं नको," ती म्हणाली. वहाबभाईंनी तिला शब्द दिला की त्यांच्या हातून तरी तो लागणार नाही. हे त्यांनी कार्यालयात सगळ्यांना सांगितलं होतं.

पुरवणीच्या दिवशी एका बड्या क्लासचं पान आलं. दुसऱ्याच रांगेत सायमा होती. त्या क्लासने एका रविवारी मोफत सराव परीक्षा घेतली होती. सायमा तिला बसली होती, प्रवेशपत्रावर फोटो होता. वहाबभाईंनी क्लासला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "चाचा, पोरगी आमच्या बाकावर बसली का नाही? मग झालं." जाहिरात व्यवस्थापक मोरे यांचं उत्तर आणखी थोडक्यात होतं. "पान आलंय तसं जाऊ द्या. पुरवणी त्यांच्या जिवावर निघती."

वहाबभाईंनी फोटो काढून टाकला. पुढचे सगळे फोटो एकेक घर सरकून रिकामी जागा भरली गेली. फोटोंच्या रांगा आपोआप सरकत, नावं वेगळ्या चौकटीत असत आणि ती हाताने सरकवावी लागत. मोरे दारात उभे राहून पान मागत होते. वहाबभाईंनी पुढचं पान उघडलं होतं आणि नजर तिकडे गेली होती. नावं जागच्या जागी राहिली. तसंच छापून झालं.

दुसऱ्या दिवशी पालक आले. देवणीचे एक गृहस्थ पेपर टेबलावर आपटून म्हणाले, "पोरगं माझं, मिशा त्याला, आन् नाव सायमा. पन्नास जणांना पेढे वाटले मी. लोकं इचारायलेत, हे कधी झालं." कार्यालय हसलं. दिनेश म्हणाला, "वहाबभाई, वरचं खाली पडलं बघा."

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मोरे होते, डेस्कची जबाबदारी माझ्याकडे असल्याने मीही होतो. मालकांचा आवाज चढलेला नव्हता. "इतक्या वर्षांत अशी चूक झाली होती का तुमच्याकडून?"

"एकदा," वहाबभाई म्हणाले. "भूकंपात."

भूकंपानंतर आमच्या पेपरने गावोगावच्या मृतांचे फोटो छापले होते. तेव्हा फोटो वेगळे आणि नावांच्या पट्ट्या वेगळ्या चिकटवत. एका रांगेत पट्ट्या एका घराने चुकल्या, हे पेपर छापून आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"दुसऱ्या दिवशी दारात बसून राहिलो, साहेब. कोणी तरी भांडायला येईल म्हणून. कोणी आलं न्हाई. यायचे ते समदे फोटोतच होते."

मोरे खाली बघत होते. मग क्लासचं पान फुकट पुन्हा छापायचं ठरलं आणि वहाबभाईंनी महिनाअखेरीस थांबावं असं ठरलं. दुरुस्त पान दिनेशने लावलं. सायमाचा फोटो तिच्या नावावर परत बसवला. क्लासच्या आग्रहावरून तो इतरांपेक्षा मोठा केला. वहाबभाई त्याच खोलीत दुसऱ्या संगणकावर छोट्या जाहिराती लावत होते. पुढच्या दिवसांत चहाच्या वेळी कोणी मोबाइल काढला नाही.

सायमाला नांदेडला प्रवेश मिळाला. कॉलेजजवळ, विष्णुपुरीच्या बाजूला खोली घेऊन सगळे तिकडेच जाणार होते. वहाबभाईंना तिथे एका छापखान्यात काम मिळण्यासारखं होतं. ते निघाले त्या दिवशी मी लातूरच्या बसस्थानकावर गेलो. समोरच्या इमारतीवर त्या क्लासचा फलक लागला होता. त्यावर सायमाचा चेहरा, खाली नाव आणि त्याखाली 'आमची विद्यार्थिनी' अशी अक्षरं. वहाबभाई पिशव्या खाली ठेवून फलकाकडे बघत उभे राहिले. कंडक्टरने दोनदा हाक मारली.

"चला अब्बा," सायमा म्हणाली. "नाव तरी बरोबर हाय."

त्यांनी पिशव्या उचलल्या. बस निम्मी रिकामी होती. फलक दिसणार नाही, अशा बाजूला ते जाऊन बसले.